आईच्या अंगात आलं त्या अष्टमीला

माझी आई भूमिती शिकवायची आणि अंगात येण्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, हे आधी सांगून टाकते. कोणाच्या अंगात आलं की ती शांतपणे पंखा वाढवायची आणि म्हणायची, हिला जरा वारा लागू द्या. त्यामुळे परवाच्या नवरात्रात जे झालं त्याचा धक्का मला इतरांपेक्षा जास्त बसला, आणि तो अजून पुरता ओसरलेला नाही.

आमच्याकडे आश्विनातल्या अष्टमीला महालक्ष्मीच्या घागरी फुंकतात. सकाळी तांदळाच्या उकडीचा देवीचा मुखवटा करायचा, नवीन लग्न झालेल्या मुलींनी पूजा करायची, आणि दिवेलागणीनंतर बायकांनी धुपावर धरलेल्या घागरी उचलून त्यांत फुंकत, फेर धरत देवी जागवायची. फुंकता फुंकता एखादीच्या अंगात येतं. मग बाकीच्या भोवती जमून तिला आपापले प्रश्न विचारतात. कोथरूडमध्ये आमच्या मंडळाचा हा कार्यक्रम एका छोट्या हॉलमध्ये होतो. आईचा देवीवर विश्वास नसला तरी मुखवटा तिनेच करायचा हे ठरलेलं. दोन डोळे एका रेषेत आणि नाक बरोबर मध्यावर हे तिच्याइतकं कोणालाच साधत नाही. आई विधवा आहे, तेव्हा तिने मुखवट्याला हात लावावा की नाही असं एका बाईने बाबांच्या पश्चात सुचवून पाहिलं होतं. आई म्हणाली होती, बरं, मग नाक तुम्ही काढा. विषय तिथेच मिटला.

तर ही उकड सोवळ्यात काढायची असते. आंघोळ करून सोवळं नेसलं की काम संपेपर्यंत कशाला शिवायचं नाही. मध्येच लघवीला जाऊन आलं तर सोवळं मोडलं, पुन्हा आंघोळ, पुन्हा नेसणं आलं. त्यावर आमच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या एक झकास तोडगा काढून ठेवला आहे. पाणीच प्यायचं नाही. आदल्या संध्याकाळपासून घशाला कोरड, वर अष्टमीचा उपास, वर ऑक्टोबरचं ऊन आणि उकडीची वाफ. आईचा देवावर विश्वास नव्हता पण नियमावर होता, त्यामुळे पाण्याचा हा नियम तिच्याइतका कडक कोणीच पाळत नसे. आपल्याला काही होत नाही, असं तिचं म्हणणं. ऐंशीला टेकलेल्या बाईचं.

त्या दिवशी मुखवटा झाला तेव्हाच मी चमकले होते. देवीचा एक डोळा चक्क वर गेला होता. मी दाखवल्यावर आई माझ्यावरच डाफरली. संध्याकाळी ती एका खुर्चीत बसली होती आणि समोर बायका फुंकत होत्या. मी ताटं लावत होते. एकदम घागरींचा आवाज थांबला म्हणून वळून पाहिलं तर आई उभी होती. डोळे लाल, केस सुटलेले, अंग मागेपुढे झुलत होतं, आणि ती त्या सगळ्या साठी-सत्तरीच्या बायकांना दरडावत होती की बाकांवरून उठा आणि रांगेत उभ्या राहा.

मला वाटलं आता कोणीतरी हसेल. कुणीही हसलं नाही. एकीने पुढे होऊन आईला हळदकुंकू लावलं, दुसरीने तिच्या हातात घागर दिली, आणि बघता बघता माझ्या आईच्या पायाशी रांग लागली. विधवेच्या अंगात देवी येते का, यावर मागच्या बाजूला कुजबुज झाली, नाही असं नाही. पण यायचीच असेल तर ती कुठेही येते, असा निकालही तिथल्या तिथे लागला. शिकलेल्या बायका हो सगळ्या. एक तर बँकेत अधिकारी होती. तिने हात जोडून विचारलं की आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचं काय होईल. आई तिच्याकडे रोखून बघत म्हणाली की कोन जुळत नाही, पुन्हा मांडा. त्या बाईचे डोळे भरून आले.

आई मधूनमधून पाणी मागत होती. मला ते स्पष्ट ऐकू येत होतं. पाणी, पाणी द्या कोणीतरी. तर त्यांनी तिच्या तळहातावर पळीभर तीर्थ घातलं. तिने ते चाटून घेतलं आणि पुन्हा हात पुढे केला, तेव्हा पुन्हा पळीभर. मी बायकांना ढकलत पुढे घुसले, तिच्या खांद्याला धरलं आणि म्हटलं, आई, चल, घरी जाऊ. तिने माझा हात सभ्यपणे बाजूला केला. माझ्याकडे बघून, परक्या माणसाशी बोलावं तशी ती म्हणाली,

"आपण कोण? कोणाकडे आला आहात?"

शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. मला जन्म दिलेली बाई मला आपण म्हणत होती.

कशीबशी रिक्षात घालून तिला तिच्या फ्लॅटवर आणली. आई एकटी राहते, मी दोन गल्ल्या पलीकडे. एकटं राहणं हा तिचा प्राण आहे. तिची किल्ली, तिचा डबा, तिची खिडकीतली खुर्ची, आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर परदेशातल्या नातवाला भूमिती शिकवणं. कोणाच्या घरी उपरं म्हणून राहण्यापेक्षा मी मेलेली बरी, असं ती आम्हा दोघा भावंडांना बजावून सांगत आलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला नावाने हाक मारून चहा मागायला लागली तेव्हा मी हुश्श केलं. थकव्याने झालं असेल, उपासाने झालं असेल. दुपारी बघते तर बाई पुन्हा हरवलेली. कपाटातले कपडे काढून पलंगावर रचत होती आणि शाळेला उशीर होतो म्हणत होती. संध्याकाळी त्याहून वाईट. तापही नाही. मी दोनदा थर्मामीटर लावला, अंग गार. पोटात दुखतंय का विचारलं, तर नाही. जेवणाला मात्र हात लावेना आणि सारखी बाथरूमकडे जाऊन लगेच परत यायची. ते मी बघत होते. पण म्हातारपणी असं होतंच, असं म्हणून सोडून देत होते.

धाकटा भाऊ आला. तो आयटीत आहे, त्याला सगळं पटापट सोडवायची सवय. एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने आज वार कुठला, महिना कुठला, आपण कुठे आहोत असं विचारलं. आईने वार चुकवला, महिना चुकवला, आणि हॉस्पिटलला शाळा म्हणाली. लघवीला काही त्रास, असंही त्याने विचारलं होतं. मुलगा शेजारी उभा. आई ताठ झाली आणि अगदी ठणकावून नाही म्हणाली. त्या दिवसातलं तिचं ते एकच खणखणीत उत्तर, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ते खरं वाटलं. मेंदूचा फोटो काढला. वयाप्रमाणे मेंदू जरा आकसला आहे असं निघालं. ऐंशीच्या माणसाचा काय फुगणार आहे? पण आकसला हा शब्द भावाच्या डोक्यात जाऊन बसला. शांत राहायच्या गोळ्या मिळाल्या, स्मृतीच्या तज्ज्ञाकडची तारीख दिवाळीनंतरची मिळाली, आणि आम्ही घरी आलो.

गोळ्यांनी आई शांत झाली नाही, नुसती जड झाली. उठली की झोकांड्या जायची. एकदा गॅस चालू ठेवून जिन्यात जाऊन बसली, ते शेजाऱ्यांनी कळवलं. तेव्हा भावाने विषय काढला. लोणी काळभोरच्या पुढे एक केंद्र आहे, स्मृती गेलेल्या माणसांना सांभाळतात, त्याच्या ऑफिसमधल्या कोणाचे वडील तिथे आहेत. गॅसने ती एक दिवस स्वतःसकट अख्खी इमारत उडवेल, असं म्हणाला. फ्लॅट बंद ठेवण्यात अर्थ नाही, भाड्याने देऊ. हे सगळं आईच्या समोर चाललं होतं, ती खुर्चीत बसलेली असताना. मी तोंडाने विरोध केला आणि हाताने तिची बॅग भरायला घेतली. दुसरं करणार काय होते? मी स्वतः साठीची, गुडघे गेलेली. आणि ती मला ओळखत नव्हती.

बॅग भरताना बाथरूमच्या कोपऱ्यात उपडी बादली दिसली. तिच्याखाली तिचे परकर पिळून, गुंडाळून लपवलेले होते. उग्र वास आला. माझी आई, जिच्या कपड्यांना कायम साबणाचा वास, तिने परकर लपवले होते. मी दाराला टेकून ढसाढसा रडले. मग सगळे परकर धुऊन वाळत घातले आणि आता संपलंच सगळं असं मनात म्हटलं. काय संपलं आणि काय सुरू होतं, कशाचा कशाला पत्ता नव्हता.

त्यातही मंडळातल्या बायका येत होत्या. एकीने ओटी आणली होती. पुनर्विकासवाल्या बाईंचा फोन आला की सभा खरोखरच पुढे ढकलली गेली, देवीला सांगा. देवी दिवाणखान्यात सोफ्याच्या कव्हराच्या घड्या घालत बसली आहे, असं मी सांगितलं आणि फोन ठेवला.

सोमवारी तिला घेऊन निघालो. स्वारगेटच्या चौकात गाडी अडकली तेव्हा आईने माझ्या मांडीवरच्या बॅगेवर हात ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं की माझी कुठे बदली झाली आहे का. भाऊ आरशातून माझ्याकडे बघत होता. मी हो म्हटलं.

केंद्र स्वच्छ होतं, झाडंबिडं होती. तिथल्या डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, तोंडाने फटकळ. भाव करायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं त्यांनी आमच्याकडे पाहिलं. किती दिवसांपासून हे चाललंय, त्यांचा पहिला प्रश्न. भाऊ सांगायला लागला की वर्षभर बारीकसारीक विसरते, चष्मा कुठे ठेवला ते विसरते. चष्मा मीही विसरते, असं म्हणून त्यांनी त्याला थांबवलं आणि माझ्याकडे वळल्या. मी अष्टमीच्या संध्याकाळी जे झालं ते सांगितलं. अष्टमीच्या आदल्या रविवारी या काय करत होत्या, ते सांगा. मी आठवून सांगितलं. सकाळी मंडईत जाऊन आली, भाजीवाल्याशी भांडली, संध्याकाळी नातवाला वर्तुळाची प्रमेयं शिकवली.

त्यांनी पेन खाली ठेवलं. भावाला बाहेर जायला सांगितलं. दार लावून घेतलं आणि आईला पलंगावर आडवं करून बेंबीच्या खाली हाताने हलकेच दाबलं. आई विव्हळली आणि तिने डॉक्टरीणबाईंच्या हातावर फटका मारला. त्यांनी जीभ बघितली, ती लाकडासारखी कोरडी होती. मला विचारलं की लघवीला सारखी जाते का, वास येतो का, कपडे ओले होतात का, आणि हे आधी होत होतं का. मी लपवलेल्या परकरांचं सांगितलं. आधी कधीच नव्हतं, हेही सांगितलं.

भावाला आत बोलावून त्या म्हणाल्या,

"भाजीवाल्याशी भांडणारी बाई आठ दिवसांत पोटच्या मुलीला ओळखेनाशी होत असेल तर तो स्मृतिभ्रंश नाही. स्मृतिभ्रंश असा एका संध्याकाळी येत नाही. शरीरात काहीतरी बिघडलंय आणि ते आजच शोधायचं. मी यांना इथे ठेवून घेणार नाही."

मग त्यांनी आम्हाला उभ्या उभ्या जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला तर ताप येईलच असं नाही. जळजळ होते असं तो सांगेलच असंही नाही. कधीकधी आधी डोकंच फिरतं. सकाळी बरं, संध्याकाळी वाईट, असं वरखाली होतं. अचानक भरकटणं, अचानक कपडे ओले व्हायला लागणं, जेवण सुटणं, तोल जाणं. यातला अचानक हा शब्द धरून ठेवा, म्हणाल्या. नुसते लघवीत जंतू सापडले म्हणून उड्या मारू नका, पुष्कळ म्हाताऱ्यांच्या लघवीत ते असतातच आणि काही करतही नाहीत. पण इथे पोट दुखतंय, लघवीची तऱ्हा बदललीय, अंगातलं पाणी आटलंय. लघवी तपासा, रक्तातले क्षार तपासा आणि यांना शांत राहायच्या कसल्या गोळ्या चालू असतील तर त्या कोणी दिल्या ते मला सांगा. भावाने चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती वाचून परत दिली.

त्याच दिवशी शेजारच्या रुग्णालयात आईला सलाईन लागलं. संसर्ग मूत्रपिंडाकडे सरकला होता, रक्तातलं मीठ उतरलं होतं. तुम्ही आणखी थोडं थांबला असतात तर रक्तात पसरलं असतं, आणि मग माझ्या हातात काही राहिलं नसतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे आम्ही तिला स्वच्छ, झाडंबिडं असलेल्या ठिकाणी मरायला नेत होतो. वर तिथल्या बाईंनी गप्प ठेवून घेतलं असतं तर आम्ही त्यांचे आभारही मानले असते. भाऊ रुग्णालयाच्या जिन्यात बसून राहिला.

आई लगेच बरी झाली नाही. सिनेमात होते तशी एका इंजेक्शनने नाही. आधी ती मला ताई म्हणाली, मग तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली, आणि मग एका सकाळी डोळे उघडून म्हणाली की तू हे काय ध्यान करून आली आहेस, केस तरी विंचर. मी तिच्या पायांवर डोकं ठेवून रडले. तिला ते आवडलं नाही. पण एवढं विचारल्यावाचून मला राहवेना, की बाई, त्रास होत होता तर सांगितलं का नाहीस. तिला अष्टमीच्या दोन-तीन दिवस आधीपासून आग होत होती. ती म्हणाली, ते काय सांगायचं असतं? आणि तेही त्याच्यासमोर?

मंडळात ही बातमी कळली तेव्हा एकीने खट्टू होऊन विचारलं की म्हणजे देवी नव्हतीच का. मी म्हटलं, नव्हती हो, तहान होती. त्यानंतर एक एक करून तिघी-चौघी मला बाजूला घेऊन हळूच सांगून गेल्या की त्यांनाही अधूनमधून तसंच होतं, आणि त्याही कार्यक्रमाच्या दिवशी पाणी पीत नाहीत. डॉक्टरला सांगितलंत का, असं विचारलं की त्या पदराशी चाळा करायच्या. मी त्यातल्या दोघींना हाताला धरून नेलं. शिव्या घालतच नेलं.

आता आई तिच्या घरी आहे. किल्ली तिच्याकडे, डबा तिचा, खुर्ची खिडकीत. नातवाची प्रमेयं पुन्हा सुरू झाली. भाऊ दर रविवारी येतो, तिच्यासाठी फळं आणतो आणि तिच्या नजरेला नजर देत नाही. केंद्राचा विषय कोणी काढत नाही. मी समजत होते की तिला त्यातलं काहीच आठवत नसेल.

परवा गेले. बेल वाजवली. आईने दार उघडलं आणि मी चपला काढायच्या आत, माझ्याकडे न बघता, वर्गात उत्तर म्हणून दाखवावं तशी ती भराभर बोलायला लागली. आज बुधवार आहे. सकाळी पोहे केले होते. गॅस बंद आहे, मी दोनदा पाहिला. तू माझी थोरली मुलगी आहेस.

उभ्या जन्मात कोणाला न घाबरलेली माझी आई दारात उभी राहून मला हे सांगत होती, आणि तिचा हात दाराच्या कडीवर होता. मी म्हटलं, आई, मी तपासायला नाही आले गं. तिने मान हलवली, बरं म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली. तिथून तिने मला हाक मारून बोलावलं, साखर तिने कुठल्या डब्यातून घेतली ते मला दाखवायला.